पुढचे दोन टायर

आळेफाट्यावर टायरची दुकानं पुष्कळ आहेत, पण ट्रकवाले हनुमंतनानांच्याच दुकानापुढं रांग लावतात. त्याला कारण आहे. नाना टायर बसवतात, हवा भरतात, मग कोपऱ्यातला लोखंडी गज उचलून गाडीच्या एकेका चाकाला ठोका मारतात, मान वाकडी करून ऐकतात, आणि सगळी चाकं झाली की म्हणतात, "जा बिनघोर." एवढं ऐकल्याशिवाय कुणी ड्रायव्हर चावी फिरवत नाही. नाशिकचा असो, नगरचा असो, नाहीतर माळशेज उतरून कल्याणला निघालेला असो, खिडकीतून डोकं बाहेर काढून विचारणारच, "नाना, जाऊ का?"

हे नानांकडं बापाकडून आलं. धर्माजी मेंढरं घेऊन कोकणात उतरायचे, तेव्हा निघायच्या सकाळी एकेका मेंढीचा खूर हातात धरून बघायचे आणि मगच तळ हलवायचे. नानांनी मेंढरं सोडून चाकं धरली, पण खूर बघायची खोड तशीच राहिली. तीस वर्षांत त्यांनी हजारो गाड्यांना "जा" म्हटलं होतं आणि एकीलाही मागं बोलवायची वेळ आली नव्हती. याचा नानांना अभिमान होता. अभिमान कसला, चांगली घमेंडच होती. बायको बानूबाई म्हणायची, "देवाला कौल लावला तरी तो इचार करतो. आमच्या ह्यांचा कौल तयारच असतो."

दुकानात वर्षभरापूर्वी नानांची मुलगी आली होती, सुप्रिया. तिनं डिप्लोमा केला होता, चाकणला एका कारखान्यात दोन वर्षं टायर तपासायचं काम केलं होतं, आणि मग एक दिवस बॅग घेऊन परत आली होती. "तिकडं मी दुसऱ्याच्या टायरचे आकडे लिहिते. त्यापेक्षा आपल्या टायरला हात लावीन," म्हणाली. नानांना मनातून लई बरं वाटलं, पण बोलून दाखवलं तर ते नाना कसले? त्यांनी तिला अलाइनमेंटचं मशीन दिलं, बॅलन्सिंगचं मशीन दिलं, गिऱ्हाइकांशी बोलायला दिलं. गज मात्र दिला नाही.

सुप्रियानं पहिल्या पगारातून एक टॉर्क पाना आणला होता. बोल्ट ठरलेल्या जोरानं आवळला गेला की तो पाना "टक" असा आवाज करतो, म्हणजे तिथं थांबायचं. नानांनी तो हातात घेऊन उलटासुलटा पाहिला आणि खिळ्याला टांगला.

"कुठं थांबायचं ते माझ्या दंडाला कळतं," ते म्हणाले. "त्यो काय टकटक करतोय व्हय?"

जानेवारीच्या सुरवातीला राजुरीचा शौर्य त्याची नवी गाडी घेऊन आला. नवी म्हणजे त्याला नवी, आधी कुणीतरी मुंबईत वापरलेली. निळी, दोन दारांची, इतकी बुटकी की दुकानापुढच्या गटारावरची फळी ओलांडताना तिला तिरकं करून, देवाची पालखी न्यावी तशी हळूहळू आत घ्यावी लागली. शौर्य पुण्यात नोकरीला होता, घरी द्राक्षबाग होती, आणि लग्नाला अजून वर्ष व्हायचं होतं. बायको श्रेया शेजारी बसून हसत होती.

"नाना, काश्मीरला चाललोय. सोनमर्गला, बर्फात," शौर्य उतरत म्हणाला. "श्रेयाला बर्फ बघायचाय आन् मला हिला बर्फात चालवायचीय."

"हिला म्हंजी कुणाला? नीट सांग, नायतर घरी भांडणं लागतील."

श्रेया आणखी हसली. शौर्यनं मागची सीट आडवी करून चार टायर बाहेर काढले. परदेशी माल, मुद्दाम मागवलेला. टायरच्या अंगावर एक खूण होती, तीन शिखरांचा डोंगर आणि त्याच्या पोटात बर्फाची चांदणी. नानांनी अंगठ्यानं दाबून पाहिलं आणि त्यांच्या भुवया वर गेल्या.

"हे तर लोण्यावानी मऊ हाय, राव. ट्रकला लावलं तर संगमनेर यायच्या आत सपाट."

"थंडीचे टायर आहेत, नाना," सुप्रिया जवळ येऊन बसली. तिचे डोळे चमकत होते. असे टायर तिनं कारखान्यात फोटोतच पाहिले होते. "आपलं नेहमीचं रबर गारठ्यात कडक होतं, बादलीच्या प्लास्टिकसारखं. हे मऊच राहतं. आन् ह्या बारीक चिरा बघा, ह्या बर्फाला धरतात."

नानांनी गाडीभोवती एक चक्कर मारली. वाकून खाली पाहिलं. इंजिन पुढं, आणि मधून एक दांडा मागच्या चाकांकडं गेलेला. त्यांच्या चेहऱ्यावर ओळखीचं हसू आलं.

"इंजान पुढं, जोर मागं. अरे, ही तर आपल्या ट्रॅक्टरचीच भैन हाय!"

आता ट्रॅक्टरचं म्हणाल तर जुन्नर-आंबेगावात नानांना कुणी शिकवावं असा माणूस नव्हता. आणि इथल्या प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे की ट्रॅक्टरचा जीव मागच्या चाकांत असतो. दिवाळीला नवीन टायर घ्यायचे तर मागचे घ्यायचे. पुढची चाकं बिचारी नुसती वाट दाखवायला, त्यातल्या तारा दिसेपर्यंत ती चालवायची. नानांनी हिशेब एका क्षणात केला.

"शौर्य, ह्यातली दोनच मागं लावू. पुढं हायेत तीच ऱ्हाऊ दे, चांगली नवी हायेत. ही दोन माझ्याकडं ठिव. मागची झिजली की ती लावू. उगं चारी एकदम कशाला झिजवतो?"

"नाना, थांबा," सुप्रिया उभी राहिली. "चारी एकसारखे पाहिजेत. ब्रेक मारला की गाडीचं वजन पुढं येतं. पुढच्या टायरनी बर्फ धरला न्हाई तर स्टेअरिंग फिरंल पण गाडी वळायची न्हाई."

दुकानात दोन ट्रक ड्रायव्हर चहा पीत बसले होते. त्यांनी कप खाली केले. नानांना कुणी "थांबा" म्हणाल्याचं त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. नानांनीही ऐकलं नव्हतं.

"तू गाड्या कागदावर चालीवल्या, बाय," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, पण ऐकणाऱ्याला लागेल असा होता. "म्या चिखलात चालीवल्यात. जोर जिथं, पकड तिथं."

सुप्रिया वळली. अलाइनमेंटच्या मशीनपाशी जाऊन उगाच वायरी पुसत राहिली. शौर्यनं एकदा तिच्याकडं पाहिलं, एकदा नानांकडं पाहिलं. त्याच्या आजोबांच्या ट्रॅक्टरपासून सगळी चाकं नानांनी बसवलेली. तो नानांचंच ऐकणार हे उघड होतं. मागं दोन टायर बसले, नानांनी दंडाच्या जोरानं बोल्ट आवळले, गजाचे चार ठोके दिले, ऐकलं आणि म्हणाले, "जा बिनघोर." दुसऱ्या दिवशी पहाटे निळी गाडी उत्तरेला निघून गेली.

उरलेले दोन टायर फडताळावर राहिले. नेमके नानांच्या खुर्चीसमोर. मुद्दाम ठेवले की सहज, ते सुप्रियालाच माहीत. दिवसभर ती दोन गोल तोंडं नानांकडं बघत होती आणि नाना पेपरच्या आड बसले होते.

त्याच्या दुसऱ्या दिवशी नाना दुपारचं जेवायला येडगावला घरी गेले, तर बांधावरून शेजारच्या गेणूची हाक आली. गेणूचा ऊस तुटत होता. वरच्या रानाचं पाणी फुटून खाली आलेलं, आणि भरलेली ट्रॉली चिखलात रुतून बसलेली.

"नाना, तुमचा हात लावा जरा. माझ्याच्यानं निघंना."

नाना खुशीत गेणूच्या ट्रॅक्टरवर चढले. याला मागचे नवे टायर त्यांनीच दिवाळीत घातले होते. पुढचे गुळगुळीत, गेणूच्या टकलासारखे. नानांनी पहिला गिअर टाकला, क्लच हळू सोडला, मागच्या चाकांनी चिखलात नखं रोवली आणि ट्रॉली ऊस डोलवत बाहेर आली. तोडणीवाल्या बायका ओरडल्या. नानांनी मिशीवरून हात फिरवला.

रानाच्या टोकाला पाटाची चारी होती, तिथं डावीकडं वळायचं होतं. नानांनी स्टेअरिंग फिरवलं. ट्रॅक्टर सरळच चालला. नानांनी पार शेवटपर्यंत फिरवलं. पुढची दोन्ही चाकं आडवी झाली, आडवीच चिखल ढकलत राहिली आणि मागची नवी चाकं सगळ्या ताकदीनं त्यांना चारीकडं रेटत होती. नानांचा उजवा पाय त्यांना न विचारता डाव्या ब्रेकवर गेला. तेवढं एकच चाक थांबलं, ट्रॅक्टर जागच्या जागी वळला आणि बांधाला लागला.

"मागची नवी घातल्यापास्नं जोर लई आलाय," गेणू खालून ओरडला, "पर पुढचं ऐकतच न्हाई. दोन बाजूला दोन ब्रेक हायेत म्हून बरं, वळतंय तरी."

नाना सीटवर बसूनच राहिले. पायाखालच्या दोन पेडलांकडं बघत. एक डाव्या चाकाचा ब्रेक, एक उजव्या चाकाचा. चाळीस वर्षं ते चिखलात ट्रॅक्टर असाच वळवत होते, आणि पाय आपल्या आपण करत होता म्हणून डोक्याला कधी कळलंच नव्हतं. शौर्यच्या गाडीला डावा-उजवा असे दोन ब्रेक नव्हते. एकच पेडल होतं. आणि तिथं पाटाची चारी नसणार, दरी असणार.

नाना खाली उतरले. जेवायचं तसंच ठेवून त्यांनी मोटारसायकल काढली. फोन खिशातच होता, रानातूनच लावता आला असता. पण ज्या जागी पोरीला चारचौघांत गप्प बसवलं होतं, हे बोलायचं तर तिथंच बोलायला पाहिजे, एवढं त्यांना येडगाव सोडायच्या आत कळलं होतं. रस्ताभर जीभ मात्र जड झाली होती. "जा" म्हणणं सोपं असतं. म्हटलेलं मागं घेणं त्यांनी कधी केलंच नव्हतं.

दुकानात सयाजी बसला होता. राजुरीचाच, ट्रकवाला. आणखी दोनतीन जण होते. नाना दारातूनच म्हणाले, "सुप्रिया, शौर्यला फोन लाव. मोठ्यानं ऐकू येईल असा."

फोन लागला. मागं गाणी वाजत होती.

"नाना! उदयपूरला पोचलो. काय पळतीय, काय सांगू!"

"शौर्य, जम्मूपर्यंत जा. त्याच्या पुढं जाऊ नको. तिथं थांब."

"का हो? तुमीच तर जा म्हणालात."

"म्हणालो. माझं चुकलं." नाना फोनजवळ सरकले. "चारी टायर पायजे व्हते. सुप्रिया बराबर सांगत व्हती, म्या तिचं ऐकलं न्हाई. उरलेली दोन मी धाडतो. ती पुढं बसवल्याबिगर बर्फाकडं बघू बी नको."

पलीकडं गाणी बंद झाली. शौर्य म्हणाला, "बरं, नाना." आणि श्रेयाचा आवाज आला, "आम्ही दोन दिवस अमृतसरला राहतो, नाना. तुम्ही काळजी करू नका." नानांना हलकं वाटलं, आणि लाजही वाटली. दोन्ही एकदमच. कुणाकडं न बघता ते फडताळाकडं गेले, तर दोन्ही टायर गोणपाटात घट्ट बांधलेले होते. वर शौर्यचं नाव आणि नंबर लिहिलेला.

"हे कवा बांधलं?"

"काल सांजच्याला, तुमी घरी गेल्यावर," सुप्रिया म्हणाली. "तुमी ट्रॅक्टर चालीवता ना, नाना. मला वाटलं, आज न्हाई तर उद्या कळंलच."

सयाजीनं मोठ्यानं हसून मांडीवर थाप मारली. तो त्याच दिवशी कांदा भरून जम्मूला निघणार होता. त्यानं गोणपाटाचं बोचकं उचलून केबिनमध्ये ठेवलं आणि वर चढल्यावर सवयीनं डोकं बाहेर काढलं. "नाना, जाऊ का?" नानांनी दहाही चाकांना ठोके दिले. त्या दिवशी त्यांनी एकेक चाक दोनदा ऐकलं.

पाचव्या दिवशी जम्मूतल्या एका दुकानातून व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर एक दाढीवाले मिस्त्री, मागं शौर्य आणि त्याच्याही मागं सयाजी, जावयासारखा खुर्चीवर बसलेला. कांदा उतरवून तो मुद्दाम थांबला होता. सुप्रिया इकडून हिंदीत सांगत होती आणि नाना तिच्या खांद्यावरून बघत होते. टायरवरचा बाण गाडी पुढं जाते त्या दिशेला पाहिजे. हवा सकाळी गाडी गार असताना बघायची, थंडीत ती आपोआप कमी होते. साखळ्या गाडीत असू द्यायच्या, पोलीस सांगतील तिथं लावायच्या.

"आन् शौर्य, चढाला गाडी दुसऱ्या गिअरवर उचला," ती शेवटी मराठीत आली. "लेकराला झोपवताना थोपटतात तसा पाय ठेवायचा. मागच्या चाकात लई जोर आहे, एकदम दिला तर शेपूट पुढं येईल."

मग ती नानांकडं बघून म्हणाली, "सांगा आता."

"काय?"

"ते वाट बघत्यात."

नानांनी फोन तोंडाजवळ घेतला आणि म्हणाले, "जा बिनघोर."

तीन दिवसांनी श्रेयानं गाडीतून उतरून, रस्त्याकडेला उभं राहून काढलेला व्हिडिओ पाठवला. रस्ता पांढरा, झाडं पांढरी, आणि उताराच्या वळणावर एक टॅक्सी आडवी होऊन कडेच्या बर्फात नाक खुपसून बसलेली. ड्रायव्हर बाहेर उभा राहून आपल्याच गाडीकडं वैतागून बघत होता. वरून निळी गाडी आली. वळणाच्या आधी हळू झाली, तिनं नाक वळवलं, मागचं अंग किंचित हललं, सावरलं, आणि ती शहाण्या मेंढीसारखी टॅक्सीच्या कडेनं खाली निघून गेली. नानांनी तो व्हिडिओ बानूबाईला दाखवला, गेणूला दाखवला, फाट्यावरच्या चहावाल्याला दाखवला, आणि प्रत्येक वेळी वळण आलं की स्वतःच श्वास धरला. "नाक बघा," ते म्हणायचे. "नाक वळलं का न्हाई? हे पुढच्या टायरांचं काम. आमच्या सुप्रियाचं."

फेब्रुवारीत शौर्य आणि श्रेया परत आले. गाल उन्हानं आणि थंडीनं रापलेले. बानूबाईसाठी अक्रोडाची पिशवी होती. फाट्यावर दुपारचं ऊन चांगलंच तापलं होतं, आणि त्या मऊ टायरांना या डांबरावर ठेवणं म्हणजे त्यांचा नाश करणं. ते काढून नेहमीचे बसवायचे होते. मागचे जुने दुकानातच होते, पुढचे सयाजीनं जम्मूहून परत आणले होते.

काम सुरू झालं. सुप्रियानं टायर रिमवर चढवले, बॅलन्स केले. चाकं गाडीला लावायची वेळ आली तेव्हा नाना उठले, खिळ्याला टांगलेला टॉर्क पाना काढला आणि त्यावरची धूळ सदऱ्यानं पुसली. ते गाडीशी उकिडवे बसले आणि एकेक बोल्ट आवळू लागले. टक. टक. तो आवाज त्यांना आवडला. प्रत्येक चाकाला पाच बोल्ट, आणि प्रत्येक टक झाली की नाना मान हलवत होते. मधे शौर्यनं फोन पुढं केला. "नाना, हा दुसरा बघा, हा तुमाला पाठवलाच न्हाई. घाटात रात्रभर बर्फ पडल्यावरचा." नाना एका हातात पाना आणि एका हातात फोन घेऊन बघत राहिले, बघता बघता काम करत राहिले.

चहा झाला. शौर्य आणि श्रेया गाडीत बसले. मागं एक नाशिकचा ट्रक येऊन थांबला होता. शौर्यनं काच खाली केली.

"नाना, जाऊ का?"

नानांनी गज उचलला. पहिल्या चाकापर्यंत गेले, तिथं थांबले, वळले आणि गज सुप्रियापुढं धरला.

"आज हिला इचार."

सुप्रियानं गज घेतला. तो तिला वाटला होता त्यापेक्षा जड निघाला. पुढचं उजवं, पुढचं डावं, मागचं उजवं. ठोका द्यायची, मान वाकडी करायची, थेट नानांसारखी. मागच्या डाव्या चाकाला तिनं ठोका दिला आणि तिथंच उभी राहिली. पुन्हा एक दिला.

"थांबा," ती म्हणाली.

शौर्यचा हात चावीवरून खाली आला. नाशिकच्या ड्रायव्हरनं डोकं बाहेर काढलं.

"टक एकोणीस झाल्या," सुप्रिया म्हणाली. "मी मोजत व्हते. वीस व्हायला पाहिजे व्हत्या. आन् ह्या चाकाचा आवाज बी भरीव न्हाई."

तिनं पाना लावला. चार बोल्ट जागचे हलले नाहीत, पाना लावताच टक झाला. पाचवा अर्धा फेरा फिरला आणि मग टक झाला. सगळ्यांनी ऐकलं. तो बोल्ट नाना व्हिडिओतला बर्फ बघत होते तेव्हाचा होता.

नानांचा चेहरा क्षणभर उतरला. एका महिन्यात दुसऱ्यांदा, आणि तेही चारचौघांत. मग त्यांना हसू आलं. आधी मिशीत, मग पोटातून. इतकं की त्यांना गटारावरच्या फळीशी जाऊन बसावं लागलं. इतकी वर्षं आपण ऐकतो म्हणून गाड्या नीट पोचतात असं त्यांना वाटत होतं, आणि आपल्यामागं ऐकायला कुणी असेल का हा विचार त्यांनी कधी मनात येऊ दिला नव्हता. आता तो आला आणि आल्या आल्या मिटलाही.

सुप्रियानं चाकाला शेवटचा ठोका दिला, ऐकलं आणि म्हणाली, "जा बिनघोर."

निळी गाडी फळीवरून तिरकी होऊन राजुरीच्या रस्त्याला लागली. मागचा ट्रक पुढं सरकला. त्याच्या दोन चाकांत हवा भरायची होती, ती भरून झाली. ड्रायव्हर वर चढला. त्यानं नानांकडं पाहिलं, नाना फळीवर बसून अक्रोड फोडत होते. मग त्यानं गज कुणाच्या हातात आहे ते पाहिलं आणि डोकं बाहेर काढून विचारलं, "ताई, जाऊ का?"